अक्कांनी गिळलेलं एक वाक्य

बसवराजचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. बसवराज म्हणजे अक्कांचा भाचा. तो फोन कधी करत नाही, मेसेज टाकून मोकळा होतो, त्यामुळे त्याचं नाव बघूनच मी मेथी बाजूला सारली. "विजूमावशी, अक्का गेली," तो म्हणाला. "सकाळी चहा घेऊन गेलो, तर खुर्चीतच..." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "दार आतून बंद होतं का रे?" तो म्हणाला, "मी घरातच होतो की मावशी. रोज इथंच झोपतोय." ते खरंच होतं. त्याला तिथे झोपायला मीच सांगितलं होतं. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी कडीकोयंड्याची चौकशी करतं का? मी केली, आणि त्याची लाज मला अजून वाटते. डॉक्टरांनी तपासून कागद दिला. अक्कांच्या किडन्यांनी दोन वर्षांपासून काम सोडलं होतं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं, हृदय दमलं होतं. त्यांचं मरण सरळ आहे, त्यात काही वावगं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांची पुस्तकं वाचलेल्यांचं डोकं कुठे धावेल ते मला ठाऊक आहे. पण तो प्रश्न मी का विचारला, हे सांगितल्याशिवाय मला या पुरवणीत अक्कांवर दोन ओळीसुद्धा लिहिता येणार नाहीत.

लोकांना शैलाक्का ठाऊक आहेत त्या खऱ्या गुन्ह्यांवरच्या पुस्तकांमुळे. मला त्या ठाऊक होत्या त्याच्या कितीतरी आधीपासून, कोर्टातल्या दुभाषी म्हणून. मी तिथेच टंकलेखक. आईकडून कन्नड, शेजारच्या विणकरांच्या घरांतून तेलुगू, गल्लीतून दखनी आणि शाळेतून मराठी, अशा चार भाषा त्यांच्या तोंडात एकमेकींना न धक्का देता राहायच्या. अक्कलकोटकडचा कुणी शेतकरी पिंजऱ्यात उभा राहिला, की वकिलाचा प्रश्न अक्का त्याच्या कन्नडात करायच्या आणि त्याचं उत्तर मराठीत साहेबांपुढे ठेवायच्या. मी ते टाइप करायची. साक्षीदार अडखळला तर अक्काही तितक्याच अडखळायच्या, तो रडकुंडीला आला तर यांचाही आवाज बारीक व्हायचा. एकदा एका आजोबांनी वकिलाला सणसणीत शिवी हासडली. वकील म्हणाले, तेवढं राहू द्या. अक्का म्हणाल्या, "राहू द्यायचं का ते साहेब सांगतील," आणि त्याच वजनाची मराठी शिवी शोधून, डोळे मिटून, भर कोर्टात उच्चारली. मला ती टाइप करावी लागली. त्या दिवशी घरी जाऊन मी साबणाने हात धुतले होते, आणि हे अक्का पुढे वीस वर्षं सगळ्यांना सांगत हसायच्या.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, गुडघ्यांची औषधं गोळा करतात. अक्कांनी खून लिहायला घेतले. आधी एका पुरवणीत सदर, मग त्याची पुस्तकं. नवी पेठेच्या मागच्या बोळातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दुपारी दोनला मी लॅपटॉप घेऊन जायची. त्या आरामखुर्चीत डोळे मिटून सांगायच्या, मी टाइप करायची. म्हणजे नोकरीत जे केलं तेच, फक्त आता मधे चहा मिळायचा. मला रक्त सोसत नाही. त्यातली काही पानं मी पडद्याकडे न बघताच टाइप केली आहेत. "अहो अक्का, एवढ्या बायका मारण्यापेक्षा पाककृती लिहा की," असं मी दर पुस्तकाला म्हणायची. पण वाचणाऱ्यांना हेच हवं होतं. ग्रंथालयातल्या प्रतींवर चहाचे डाग पडले, पानं सुटली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका कुंकू लावता लावता विचारायच्या, "अक्का, पुढचा कुणाचा काढलाय?" आणि अक्काही गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, "तुमच्या मिस्टरांचं वागणं बघून ठरवते." मग हशा. आम्हाला त्या पुस्तकांची भीती कधी वाटली नाही. खून तिकडे कागदावर होता आणि आम्ही इकडे चिवडा खात होतो.

खटले खरे असायचे, पण नावं, गावं बदलावी लागायची. त्यासाठी अक्कांची एक पद्धत होती. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात शेकडो लग्नपत्रिका होत्या. आपल्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीपेक्षा खालची गर्दी मोठी... विनीत, व्यवस्थापक, निमंत्रक, समस्त मित्रपरिवार. अक्का एका पत्रिकेतून पहिलं नाव घ्यायच्या, दुसरीतून वडिलांचं, तिसरीतून आडनाव. वापरलेल्या नावावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायच्या, म्हणजे तेच नाव पुन्हा यायला नको. "अशी तीन तुकड्यांची माणसं कुठे जन्माला आलेली नसतात विजू," त्या म्हणायच्या. "त्यांना खुनी केलं तरी कुणाच्या घरी सुतक येत नाही."

त्यांच्या शेवटच्या पुस्तकातली एक कथा शहरातल्या जुन्या खटल्यावरची होती. नवऱ्याने बायकोला मारलं आणि ती माहेरच्या लग्नाला गेलीय असं गल्लीभर सांगितलं. मूळ प्रकरण एका कापडाच्या मागवाल्याच्या कारखान्यात घडलेलं, आणि त्या घरातली मुलं अजून इथेच राहतात. म्हणून अक्कांनी कथा उचलून दुधनीकडच्या एका खेड्यात नेली. मागवाल्याचा शेतकरी केला, नाव दिलं गुरुपाद, आणि पुढे वडिलांचं नाव, आडनाव. मूळ खटल्यात प्रेत कारखान्यातल्या खड्ड्यात सापडलं होतं, तेही बदलायला हवं होतं. अक्कांनी डोळे मिटले आणि सांगायला लागल्या... त्याने तिला कडब्याच्या गंजीखाली पुरलं. दुसरे शेतकरी कडबा संपला की जागा झाडून घेतात, पुढच्या वर्षी सोयीच्या ठिकाणी गंज रचतात. हा मात्र खालचा थर कधीच काढत नाही. जुना कडबा संपायच्या आत त्याच्यावरच नवा येतो. वर्षानुवर्षं त्या जमिनीला ऊन लागलेलं नाही. माझी बोटं थांबली. "कुठून सुचतं हो तुम्हाला असलं?" मी वैतागून विचारलं. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "कुठून म्हणजे? डोक्यातून." पुस्तकाच्या पहिल्या पानावर नेहमीचं वाक्य छापलं, की नावे, गावे व काही तपशील काल्पनिक आहेत. तेही मीच टाइप केलं.

पुस्तक येऊन चार-पाच महिने झाले असतील. दुपारची वेळ, मी तिथेच होते. दारात एक माणूस उभा राहिला. साठीचा, उंचापुरा, पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी. चपला त्याने उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या. हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक होतं आणि शेंगाच्या चटणीची पिशवी. अक्कांना वाटलं, वाचक आला. असे खूप यायचे. त्याने पाणी मागितलं, सावकाश प्यायला, आणि म्हणाला, "माजं नाव गुरुपाद." मग वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. हो, हसलो. अक्कांनी हात जोडले आणि डब्याची, पत्रिकांची सगळी हकिगत त्याला सांगितली. योगायोग झाला, माफ करा, पुढच्या आवृत्तीत बदलते, वर्तमानपत्रात खुलासा देते. तो शांतपणे ऐकत होता. सगळं झाल्यावर त्याने विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. ते गंजीचं तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच रचलं."

"रचलं?"

"हो."

"न्हाय अक्का," तो म्हणाला. "असं कुनाला रचता येत न्हाय." त्याने पेला उपडा घातला, उठला, चपला घातल्या. "आटवून ठेवा. मी पुन्ना येतो."

तो गेल्यावर मी म्हणाले, चक्रम दिसतोय. अक्कांनी त्याचा उपडा पेला उचलला. म्हणाल्या, "विजू, खुनी म्हणून आपलं नाव छापलेलं बघून माणूस आधी चिडतो. आई-बहीण काढतो. हा चिडलाच नाही गं. असं का लिहिलंत, हे त्याने विचारलंच नाही. कुणी सांगितलं, एवढंच विचारलं." तीस वर्षं साक्षी ऐकलेली बाई होती ती. मी लगेच चहा टाकला, कारण मला दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी डबा काढला. सगळ्या पत्रिका जमिनीवर पसरल्या आणि आम्ही दोन म्हाताऱ्या चष्मे लावून बसलो. चार तास. लाल खुणा मोजून बघितल्या, आधीच्या पुस्तकांतली सगळी नावं सापडली. गुरुपाद या नावावर एकही खूण नव्हती. त्याच्या वडिलांच्या नावावर नव्हती. आणि ते आडनाव तर एकाही पत्रिकेत नव्हतं. अक्का भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यापूर्वी भीती बघितली नव्हती. "मग हे नाव मी कुठून घेतलं?" त्या म्हणाल्या. मी काय सांगणार? मी फक्त टाइप केलं होतं.

ते त्यांना एकदम आठवलं नाही. आठवडाभर त्या धड जेवल्या नाहीत. मग एके सकाळी फोन आला, "ये." गेले, तर त्या अंघोळ करून, कोर्टात नेसायच्या ती पांढरी साडी नेसून बसलेल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. वीसेक वर्षांपूर्वी बांधाच्या कुठल्याशा दाव्यात एक म्हातारी साक्षीला आली होती, नीलव्वा. तिला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. पुकारा व्हायच्या आधी ती बाहेरच्या बाकावर अक्कांशेजारी बसली, आणि या बाई साहेबांशी बोलतात म्हटल्यावर तिने मनातलं सगळं सांगितलं. आपली मुलगी मुंबईला पळाली असं जावई म्हणतो, पण ती गेलेली नाही. ती दिसेनाशी झाली त्या साली जावयाने गंज दारापुढे, आजवर कधी नव्हती तिथे रचली, आणि तेव्हापासून गंज हललेली नाही. जावयाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं सांगितलं. "हे साहेबांना सांग, बाई." अक्का म्हणाल्या, तुम्हाला आत विचारतील तेवढंच सांगा, मला मधलं काही बोलता येत नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं.

"पण ती आत गेल्यावर बोलली, विजू," अक्का म्हणाल्या. "वकिलाने बांध कुठला म्हणून विचारलं, आणि ती साहेबांकडे वळून म्हणाली, नन्न मगळु... माझी मुलगी... आणि पुढचं सगळं बोलली. हात जोडून बोलली. साहेब सकाळपासून वैतागलेले होते, जेवायची वेळ झाली होती. त्यांनी विचारलं, काय म्हणतेय? आणि मी सांगितलं, साक्षीदार विषय सोडून बोलतेय." अक्कांनी साडीचा पदर सारखा केला. "मी शपथ घेतली होती, काही न गाळता सांगीन म्हणून. सगळ्या नोकरीत एवढंच गिळलं मी. तू तिथेच होतीस. तू टाइप केलंस, 'साक्षीदार असंबद्ध बोलते.'" मला यातलं काहीही आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. दुसऱ्यांचे शब्द आपल्या तोंडून बोलण्यात अक्कांचा जन्म गेला, आणि त्यांतले कुणाचे कुठले हे लक्षात ठेवायचं नसतं, नाहीतर माणूस वेडा होईल. नीलव्वाचे शब्द आत कुठेतरी बसून राहिले आणि वीस वर्षांनी अक्कांना ते स्वतःची कल्पना वाटले. ही चूक दुभाषीच करू जाणे.

अक्कांच्या मनाने घेतलं, नीलव्वाला भेटायचं. मी पुष्कळ विरोध केला, पण एकटीला कशी सोडणार? एसटीने गेलो. उन्हाळा संपत आला होता. फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतला आणि मालकाला नीलव्वाबद्दल विचारलं. "मेली की, लई वर्सं झाली," तो म्हणाला. आणि तिची मुलगी? त्याने कपबशा उचलल्या. "ममईला हाय म्हनत्यात," एवढं बोलून तो आत गेला, तो बाहेर आलाच नाही. आम्ही परतीच्या गाडीची वाट बघत होतो, तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. गुरुपाद. कुणी कळवलं कोण जाणे. "अक्का, घरला न येता जाताय व्हय? असं असतंय का कुटं," तो म्हणाला. शब्दांत नुसता पाहुणचार होता. घर हाकेच्या अंतरावर, रस्त्यालाच होतं. नाही म्हणण्याची हिंमत आमच्यात नव्हती, हे कबूल करते.

त्याने आम्हाला अंगणात बाजेवर बसवलं आणि ताक दिलं. समोर गंज होती. गावात त्या दिवसांत सगळ्यांच्या गंजी संपत आलेल्या, वाटेत बघत आलो होतो, पार चार-चार पेंढ्या उरलेल्या. ही घराइतकी उंच. वरचा कडबा पिवळा, मधला करडा आणि अगदी खालचा थर काळा, जमिनीसारखाच झालेला. घरात दुसरं कुणी दिसलं नाही. अक्का ताकाचा पेला हातात धरून तिकडे बघत होत्या. म्हणाल्या, "खालचा कुजलाय सगळा. जनावरं तोंड लावत नसतील."

"खालचा आमी काडत न्हाय," गुरुपाद म्हणाला. "वल असती. आज्यापासनं गंज हितंच हाय आमची." मग अक्कांकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "आटवलं का, कुनी सांगितलं ते?"

"नाही आठवलं," अक्का म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर अक्का म्हणाल्या, "आज्यापासून म्हणाला. नीलव्वा म्हणाली होती, त्या साली पहिल्यांदा तिथे रचली." आणि मग, गाव मागे पडल्यावर, "मी पुन्हा खोटं बोलले गं. तिचं नाव माझ्या तोंडावर होतं."

दोन दिवसांनी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. अधिकारी तरुण होता, नीट बसवून त्याने सगळं ऐकलं. त्याच्या आईने अक्कांची पुस्तकं वाचली होती म्हणे. फिर्यादी कोण? नीलव्वा, ती हयात नाही. बेपत्ता झाल्याची नोंद? कुणी केली नाही. मग त्याने आम्ही नेलेलं पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचलं आणि अक्कांपुढे सरकवलं. "मॅडम, तुमीच लिहिलंय की, तपशील काल्पनिक आहेत म्हणून. आता मी वरिष्ठांना काय सांगू? लेखिकेला आपली कल्पना खरी वाटायला लागली?" तो कुत्सितपणे बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारून पोच दिली. पुढे काही झालं नाही. अक्कांनी आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत.

गुरुपाद मात्र येत राहिला. महिन्यातून एकदा, दुपारी. चपला जोडून ठेवायचा, पाणी मागायचा, तब्येतीची चौकशी करायचा आणि निघताना तेवढंच विचारायचा. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. कुणाला सांगितलं तर लोक म्हणाले असते, किती सभ्य माणूस, लेखिकेला भेटायला एवढ्या लांबून येतो. अक्कांनी लिहिणं बंद केलं. बाहेरच्या दाराला लोखंडी जाळी बसवली. नंतर डायलिसिस सुरू झालं, तर हा दवाखान्यातही आला आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. नर्सने मला विचारलं, "भाऊ का त्यांचे?" तेव्हा मी बसवराजला त्यांच्याकडे राहायला सांगितलं. खरं कारण त्याला सांगितलं नाही. हे वाचून त्याला कळेल, आणि तो माझ्यावर रागावेल, ते योग्यच आहे.

अक्का गेल्या त्याच्या नऊ दिवस आधी त्यांनी मला बोलावलं. "मशीन घेऊन ये." म्हणजे लॅपटॉप. मला वाटलं, पुन्हा लिहायचं मनात आलंय, बरं झालं. त्या खुर्चीत सरळ बसल्या होत्या. पाय सुजलेले, हातावर सुयांच्या जागा काळ्यानिळ्या झालेल्या. म्हणाल्या, "आज लेखन नाही. आज साक्ष आहे." आधी त्यांनी दुभाष्याची शपथ घेतली. मग डोळे मिटून कन्नडात बोलायला लागल्या, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. खेड्यातल्या म्हातारीचा, चिरका, थांबून थांबून येणारा. पाचेक वाक्यं झाली की त्या मराठीत सांगत. मी टाइप केलं, "नीलव्वा म्हणते की," तशी त्यांनी डोळे उघडले. "खोड ते. कोर्टात दुभाषी 'ती म्हणते' असं कधी म्हणतो का? साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. इतकी वर्षं टाइप केलंस आणि विसरलीस?" रागावल्या माझ्यावर. मला बरं वाटलं, निदान रागवायची ताकद होती. एक पान झालं. त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं, प्रिंट काढून आणायला लावली, सही केली. मग म्हणाल्या, "मी गेल्यावर तो तुझ्याकडे येईल. तेच विचारील. मी दोनदा गिळलं विजू. तू गिळू नकोस."

तो आला. अक्कांना जाऊन महिना व्हायचा होता. माझा पत्ता त्याला कुणी दिला, मला माहीत नाही. चपला जोडल्या, पाणी मागितलं. "लई चांगल्या बाई व्हत्या," म्हणाला. मग त्याने पेला खाली ठेवला. "तुमी लिवून घेत व्हता न्हवं त्यांचं? तुमाला तर म्हाईत असंल. कुनी सांगितलं व्हतं त्यास्नी?"

घरात मी एकटी होते. मनात हेच की नाही म्हण, नाही म्हण, म्हातारपणी कशाला ही आफत. मी शूर बाई नाही. पण अक्कांनी मला कामाला लावून ठेवलं होतं.

"नीलव्वानं," मी म्हणाले. "तुमच्या सासूनं."

तो हलला नाही. "ती मेलीया," म्हणाला.

"हो. अक्काही गेल्या. आता मला माहीत आहे. आणखी आठ दिवसांनी मी अक्कांवर लिहिलेलं छापून येईल, पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत होईल. मग कुणाकुणाकडे जाऊन विचाराल?"

तो उठला. जाताना पुन्हा येतो म्हणाला नाही.

त्याने काही केलं आहे, असं मी म्हणत नाही. ते ठरवणं माझं काम नाही आणि अक्कांचंही नव्हतं. कदाचित ती बाई खरंच मुंबईत असेल, नातवंडांत रमली असेल. तसं निघालं तर मी त्याच्या दारात जाऊन नाक घासीन. गंज एकदा हलवून बघितली की झालं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पुरवणीच्या संपादकांनी हा मजकूर वाचला आणि काळजीने सुचवलं, की शेवटी एक ओळ टाकू या, नावे बदलली आहेत. मी नको म्हणाले. गावाचं नाव आणि आडनाव मी गाळलं आहे, ते अर्जांत आहे. बदललेलं काहीच नाही.

अक्कांच्या घरून मी बाकी काही आणलं नाही. साक्षीचा तो कागद माझ्या टेबलावर आहे. कोर्टात त्याची जागा वीस वर्षांपूर्वीच होती, तिथे तो आता जाईल की नाही मला माहीत नाही. पण मी टंकलेखक आहे, आणि त्या दिवशी मीही चुकीचं टाइप केलं होतं. ते दुरुस्त करते.

"साहेब, माझी मुलगी मुंबईला गेलेली नाही. ती कुठेच गेलेली नाही. लग्नात मी तिला जोडवी केली होती, डाव्या पायाचं जोडवं तुटलं म्हणून त्याला सोनाराने डाग दिलेला आहे, मला ती ओळखता येतील. जावयाची गंज एकदा हलवा. मी लांब उभी राहीन, रडणार नाही. एवढंच सांगायला मी आले. बांधाचं तुम्ही विचारता, ते मला ठाऊक नाही."